गुडघाभर लाटेची फळी

आमचं फायबरचं काम आहे. लग्नाच्या मंडपात दारापाशी सोंड वर करून उभे असतात ते हत्ती, स्टेजमागचे मोर, गोल खांब, कमानी, हे सगळं आम्ही बनवतो. कळमनुरीहून आखाडा बाळापूरकडे येताना रस्त्याला लागून पत्र्याची शेड आहे, तीच आमची. साचे मालक करतात, म्हणजे माझे यजमान. साच्यात काचेच्या धाग्यांची मॅट अंथरून त्यावर रेझिन मारायचं काम माझं. माहेर औंढ्याकडचं, मेंढरं राखणारं घर. लग्न होऊन आले तेव्हा रेझिनच्या वासानं डोकं धरायचं. आता वास आला नाही तर चुकल्यासारखं वाटतं.

समुद्र मी कधी पाहिला नव्हता. माझी धाकटी बहीण मात्र पार मालवणच्या खाली, एका लहान किनारी गावात राहते. तिच्या नवऱ्याची बँकेतली बदली तिकडं झाली आणि ते तिथलेच होऊन गेले. त्यांची मुलगी तिथंच वाढली. ती लाटांवर फळी घेऊन उभी राहते, पोरांना शिकवते, स्पर्धेला जाते, एवढं फोनवर ऐकून होते. फोटोही पाहिले होते. पण फोटोत लाट थांबलेली असते, त्यामुळं मला त्यातलं काही कळलं नव्हतं.

एका दिवाळीत ही भाची आमच्याकडं आली ती चादरीत गुंडाळलेलं लांबडं गाठोडं घेऊन. चादर सोडली तर आत तिची फळी. सर्फबोर्ड. मधोमध चिरलेली.

"मावशी, हे फायबरच आहे ना?" ती म्हणाली. "तू हत्तीच्या सोंडा जोडतेस. हे जोडून दे."

"तिकडं कोणी जोडत न्हाई व्हय?"

"जोडतात. पण गोव्याला पाठवावं लागतं, अन दोन-दोन महिने येत नाही."

मी फळी टेबलावर घेतली. हातात घेताच पहिलं आश्चर्य वाटलं ते वजनाचं. एवढी माणसाएवढी वस्तू, आणि आमच्या मोराच्या एका पंखापेक्षा हलकी. चिरेपाशी पॉलिश पेपर मारला, वरचा पापुद्रा सोलला. आत पांढरा फोम, आणि बरोबर मधून नाकापासून शेपटीपर्यंत गेलेली लाकडाची बारीक पट्टी. वरून काचेच्या कापडाचे पातळ थर. काम माझ्याच जातीचं होतं, पण हात माझ्यापेक्षा कितीतरी हलका. मी जिथं तीन थर दिले असते तिथं त्या माणसानं एकावर भागवलं होतं.

जोडायला वेळ लागला नाही. वेळ गेला तो बघण्यात. फळी उलटी ठेवून तिच्यावर सरळ पट्टी धरली, तर पट्टीखालून उजेड दिसायला लागला. पोट सपाट नव्हतं. नाकाकडं चांगलं वितभर वर उचललेलं, शेपटीकडं थोडं कमी. आडवी पट्टी धरली तर मधे उथळ पन्हळ. कडा एका जागी गोल, शेपटीपाशी एकदम धारदार. एकही रेघ सरळ नाही. शेपटीखाली माशाच्या परांसारखे उभे फिन.

"हे नाक एवढं वर काहून?" मी विचारलं.

"मोठी लाट उभी असते मावशी, भिंतीसारखी. तिच्यावरून खाली येताना नाक पाण्यात घुसलं की संपलं. म्हणून वर."

"तुझ्या गावाला अशी भिंतीसारखी लाट येते?"

ती हसली. "पावसाळ्याच्या दोन्ही बाजूंना येते थोडी. दिवाळी ते होळी इथपर्यंत." तिनं गुडघ्याला हात लावला. "लई झालं तर कमरेपर्यंत. अन जोर नसतो तिच्यात. ढकलते अन सोडून देते."

"मग गुडघ्याएवढ्या लाटेला भिंतीची फळी कशाला?"

तिनं फळीच्या कडेवरून बोट फिरवलं. मग म्हणाली, "शिकाऊ पोरांच्या लांब, जाड फळ्या असतात. त्या छोट्या लाटेवर चांगल्या चालतात. पण त्या वळत नाहीत. सरळ किनाऱ्याला यायचं, उतरायचं. मला लाटेवर वर-खाली करायचंय, झटका मारून वळायचंय. त्याला ही आखूड, बारीक फळी लागते. अन हिला जोराची लाट लागते. दोन्ही एकत्र देणारी बाहेरून येते कुठूनतरी, आमच्याकडं नाही."

ती दोन दिवसांनी फळी घेऊन गेली. प्रश्न मात्र माझ्यापाशी राहिला. हत्तीचा कान साच्यातून काढताना, चहा गाळताना मी विचार करायची. तरंगण्यासाठी रुंद आणि जाड पाहिजे. वळण्यासाठी बारीक आणि बाकदार पाहिजे. दोन्ही एका अंगात बसतील कसे?

शेवटी मालकांना म्हटलं, "एक फळी करून बघू का?"

"मंडपात लावायला?" ते म्हणाले.

"न्हाई. पाण्यात."

ते माझ्याकडं बघतच राहिले. पण गरम तारेचं मशीन त्यांनीच काढलं. वधूवरांची नावं थर्मोकोलमधून कापायला आमच्याकडं ती तार असते. फळीच्या बाजूचा बाक प्लायवुडच्या दोन पट्ट्यांवर काढायचा, त्या थर्मोकोलच्या ठोकळ्याच्या दोन्ही अंगांना ठोकायच्या, आणि दोघांनी दोन टोकं धरून तापलेली तार पट्टीवरून ओढत न्यायची. लोण्यातून जावी तशी तार गेली. बाकी आकार मी पॉलिश पेपरनं घासून आणला. नाक गोल, छाती रुंद. फळी अशी सुबक दिसायला लागली की मीच तिच्यावरून हात फिरवत बसले.

मग मॅट अंथरली आणि नेहमीचं रेझिन मारलं.

पहिल्यांदा चर्र असा बारीक आवाज आला. मग माझ्या डोळ्यांसमोर थर्मोकोल बसायला लागला. रेझिन त्याला खात होतं. ब्रश जाईल तिथं खड्डा, खड्ड्यातून धूर आणि तो ओळखीचा वास. चहा थंड व्हायच्या आत सुबक फळीचं शेणकूट झालं. आम्ही जन्मभर हे रेझिन मातीच्या नाहीतर पीओपीच्या साच्यावर मारत आलो, थर्मोकोलवर कधी मारलंच नव्हतं. मालक पोट धरून हसले. मलाही हसू आलं, पण डोकं लगेच पुढं धावलं. तिची फळी याच रेझिननं जोडली तेव्हा आतला फोम विरघळला नव्हता, मग थर्मोकोलवर लावतात तरी काय?

भाचीला फोन केला, तिनं तिच्या शिकवणाऱ्या सरांना विचारलं. उत्तर आलं: तिच्यातला फोम वेगळा, थर्मोकोलला इपॉक्सी. फरशीवर ओततात ते. नांदेडला एका फरशीवाल्याकडं मिळालं. त्याच फेरीत कोल्ड स्टोरेजच्या भिंतीत भरतात तो घट्ट थर्मोकोलही आणला. लग्नातला थर्मोकोल साबुदाण्यासारखा सुटतो, हा सुटत नाही.

पण दुसरा ठोकळा कापायच्या आधी मला पोटाचा आकार समजून घ्यायचा होता. आता पाणी पळतं ते आमच्याकडं एकाच ठिकाणी, कालव्यात. इसापूर धरणातून रब्बीचं पाणी सुटलं होतं. मी लाकडाच्या हातभर फळ्या केल्या. एक पुरी सपाट, एक नावेसारखी वाकलेली, एक पुढून वाकलेली, एक मागून वाकलेली. प्रत्येकीच्या नाकाला सुतळी बांधली आणि कालव्यात जिथं पाणी उतारावरून जोरात येतं तिथं जाऊन बसले.

सुतळी धरली की हाताला सगळं कळायचं. नावेसारखी फळी हात ओढायची. पाणी तिच्या पुढं ढीग करायचं आणि मागं तिला खाली ओढायचं. सपाट फळी मात्र थोडा वेळ आडमुठेपणा करायची आणि मग अचानक वर यायची, पाण्याच्या पाठीवर बसायची. सुतळी सैल. हात हलका. मी ते पुन्हा पुन्हा केलं, नुसतं त्या हलकं होण्याच्या क्षणासाठी.

एक बाई बकऱ्या घेऊन कालव्याच्या कडेनं चालली होती. ती थांबली.

"काय करून राहिली वो बाई? मासे धरून राहिली का?"

"न्हाई. कोणती फळी पाण्यावर बसते ते बघून राहिले."

"बसून काय करती?"

"तिच्यावर पोरगी उभी राहणार हाय."

तिनं माझ्याकडं पाहिलं, फळ्यांकडं पाहिलं आणि बकऱ्या हाकायचं सोडून माझ्याशेजारी बसली. "दे बरं एक," म्हणाली. मी वाकडी दिली, मग सपाट दिली. सपाट फळी पाण्यावर चढली तेव्हा ती "आगं माय!" म्हणून जोरात हसली. एक बकरी तोवर कोणाच्या तरी हरभऱ्यात शिरली, तिच्यामागं तिला पळावं लागलं.

त्यावरून मी ठरवलं, फळी सपाट करायची. भाचीच्या उंचीपेक्षाही आखूड, तिच्या जुन्या फळीपेक्षा चांगली चार बोटं रुंद, नाक गोल आणि कमी उचललेलं, पोट सपाट. मधे प्लायची पट्टी, वरून इपॉक्सी, शेपटीखाली तिच्या फळीसारखेच फिन. थंडीत ते लवकर सुकेना, म्हणून दोन हॅलोजन लावून शेड उबदार ठेवली. या वेळी काही विरघळलं नाही.

इसापूरच्या धरणावर नेऊन आम्ही ती तरंगते का पाहिली. तिथले मासेमार थर्मोकोलच्या लाद्या पोत्यात शिवून त्यांच्यावरच बसून जाळी टाकतात. त्यातल्या एकानं आमची फळी पाहिली, त्याला राहवलं नाही. "मी बसून बघू का?" म्हणाला. पालथा झोपून त्यानं हातांनी पाणी मारलं, तर फळी सुसाट निघाली. तो एवढा लांब गेला की मालक काठावरून ओरडायला लागले, "अवो भाऊ, आमची हाय ती!" परत आला तेव्हा त्याच्या तोंडावर लेकरासारखा आनंद होता.

जानेवारीत मी फळी गोधडीत गुंडाळून बसच्या डिकीत टाकली आणि एकटीच बहिणीकडं गेले. मालकांना लग्नसराईचं काम होतं.

समुद्र पाहून पहिल्यांदा मला त्याच्या आवाजाचंच नवल वाटलं. सकाळी बहिणीच्या अंगणातूनच ऐकू येत होता. किनाऱ्यावर गेले तर लाटा खरंच गुडघ्याएवढ्या. मी साडी खोचून त्यांच्यात उभी राहिले. मला त्यांचा जोर पायाला लावून बघायचा होता. लाट यायची, पोटरीला ढकलायची आणि तिच्या मनात काही राहायचंच नाही. ढकलून सोडून देते, असं भाची म्हणाली होती ते बरोबर होतं. ढकलणं एवढा थोडाच वेळ असेल तर फळीला तेवढ्यातच पाण्यावर चढता आलं पाहिजे.

आणि ती चढली. भाची आत गेली, पहिल्याच लाटेला दोन हात मारले आणि उभी राहिली. एरवी तीन-चार लाटांत एखादी मिळायची, त्या दिवशी ती एकही सोडत नव्हती. फळी पार वाळूपर्यंत पळत यायची. मी किनाऱ्यावर टाळ्या वाजवत होते. पण ती बाहेर आली तेव्हा तिचा चेहरा मला हवा तसा नव्हता.

"पळते मावशी. लई पळते," ती म्हणाली. "पण ऐकत नाही. मी वळवते अन ती सरळच जाते."

मला वाईट वाटलं. ती खोटं कौतुक करणारी पोरगी नाही, आणि ते बरंच होतं, पण वाईट वाटलंच. वाळूत बसून मी फळी मांडीवर घेतली. तिच्या पाठीवर पाय घसरू नये म्हणून मेण घासलेलं असतं. त्या मेणात तिच्या पायांचे ठसे उमटले होते. पुढचा पाय जवळजवळ मधोमध, ठसा स्वच्छ. मागचा पाय पार शेपटीपाशी, आणि तिथलं मेण चोळवटून गेलेलं. ती तिथं जोर लावून लावून फिरत होती आणि फळी दाद देत नव्हती.

"मला झोपव हिच्यावर," मी म्हटलं.

"मावशी, साडीवर?"

"तुझी चड्डी दे मग."

बहिणीनं कपाळावर हात मारला. भाचीचे कपडे घालून मी कमरेएवढ्या पाण्यात फळीवर पालथी पडले. भाचीनं मागून धरलं आणि लाट आली तशी ढकलून दिलं. आधी पायांकडून काहीतरी वर उचललं गेलं. मग ते पोटाखाली आलं, छातीखाली आलं, आणि फळी सुटली. कालव्यात सुतळी सैल व्हायची तेच, फक्त आता सुतळीच्या जागी मी होते. मी ओरडले असेन. नाकातोंडात पाणी गेलं तेव्हा थांबले. मग परत म्हटलं, "आणखी एकदा."

चार-पाच वेळा असं झाल्यावर एका अंगावर कललं की काय होतं ते मी बघितलं. छातीपाशी फळी कलायची. शेपटीकडं मात्र पाटासारखी पाण्याला चिकटून राहायची. ती जागा रुंद होती, जाड होती आणि सपाट होती. मी सगळीकडं सपाट केलं होतं. पुढच्या पायाखाली सपाट हवं होतं, मागच्या पायाखाली नको होतं.

तिथंच पेन्सिलीनं फळीवर रेघ मारली. मागच्या पायाच्या ठशाच्या बोटभर पुढं. या रेघेपासून बाक सुरू करायचा.

घरी आल्यावर मालकांना फळी दाखवली, ठसे दाखवले. त्यांनी बराच वेळ रेघेवर बोट फिरवलं.

"शेपूट बारीक कर मग," ते म्हणाले.

"बारीक केली तर छोट्या लाटेत बुडेल. रुंदीनंच ती तरंगते."

"अन रुंद ठेवली तर वळत न्हाई."

आमचं यावर चांगलं वाजलं. जेवताना वाजलं, काम करताना वाजलं. त्यांचंही बरोबर होतं आणि माझंही. मग एक दिवस ते मोराची शेपटी कापता कापता थांबले आणि खडूनं जमिनीवर आकार काढला. रुंदी तशीच ठेवायची, पण शेपटीच्या मधून माशासारखी खाच घ्यायची. दोन टोकं होतील. वळताना पाणी एकाच टोकावर येईल, आणि ते टोक बारीक असेल.

"तुमाला कसं सुचलं?" मी विचारलं.

"तू एवढी भांडून राहिली तर काहीतरी सुचायलाच पाहिजे," ते म्हणाले.

दुसरी फळी आम्ही दोघांनी केली. छातीखाली जाडी तशीच ठेवली. तिथून कडांकडं उतरत नेली, शेपटीपाशी कडा हाताला लागेल एवढी बारीक केली. रेघेपर्यंत पोट सपाट, मधे अगदी उथळ पन्हळ, आणि रेघेनंतर बाक. या वेळी एक थर कापड कमी घेतलं. घासताना मी डोळे मिटून हात फिरवायची, कारण डोळ्याला दिसत नाहीत ते उंचवटे तळव्याला कळतात. बाळापूरच्या बाजारातून परतणारी ओळखीची माणसं शेडपाशी गाडी थांबवायची आणि विचारायची, "वैनी, हा कशाचा पंख?"

होळीच्या आधी आम्ही दोघंही गेलो. शेडला कुलूप लावलं, लग्नसराईतही. मालकांनाही बघायचंच होतं.

त्या सकाळी वारा नव्हता. पाणी तेलासारखं, आणि लाटा कालव्यातल्या पाण्यापुढंही लाजतील एवढ्या लहान. भाचीबरोबरची पोरं वाळूत बसून मोबाईल बघत होती. "आज काही नाही," म्हणत होती. भाची एकटी आत गेली.

पहिल्या लाटेला ती उभी राहिली आणि सरळ आली. दुसऱ्या लाटेला तिनं पाय किंचित मागं घेतला. फळी पळत होती, आणि पळता पळता एकदम एका अंगावर झाली. शेपटीमागून पाण्याचा पातळ पंखा उडाला. ती लाटेच्या वर गेली, वरून फिरली, खाली आली. लाट संपत आली होती, मेलीच होती म्हणा ना, तरी तिनं त्या उरलेल्या फेसावर आणखी एक वळण घेतलं. मालक माझा हात धरून उभे होते. आमच्या लग्नाला एवढी वर्षं झाली, चारचौघांत त्यांनी कधी हात धरला नव्हता.

वाळूतली पोरं मोबाईल ठेवून उभी राहिली. तिचे शिकवणारे सर चहा टाकून पाण्यापर्यंत आले. भाची बाहेर आली ती पळतच.

"ऐकते मावशी! सांगायच्या आधी ऐकते!"

सरांनी मग फळी मागून घेतली. ते उंच, अंगानं भरलेले, त्यांच्याखाली ती थोडी बुडली, तरी त्यांनी दोन लाटा घेतल्या. परत आल्यावर त्यांनी ती उलटी करून बराच वेळ पाहिली आणि मला विचारलं, "बाक इथूनच का सुरू केला?" मी मेणातल्या ठशांचं सांगितलं. त्यांनी मान हलवली आणि आणखी विचारलं, मग आणखी. त्यांना येत होतं ते त्यांनी मला सांगितलं, फिन किती मागं लावले तर काय होतं ते. दुपारपर्यंत आम्ही वाळूत काटकीनं आकृत्या काढत बसलो होतो आणि बहीण जेवायला बोलवून थकली.

पुढं पावसाळा उतरताना भाचीचा फोन आला. लाटा मोठ्या झाल्या होत्या. "आता ती थरथरते मावशी. जोराच्या पाण्यात टिकत नाही, उडते."

"उडते म्हणजे कशी? नाकाकडून का शेपटीकडून?"

"नाकाकडून. पोटाखाली टपटप वाजतं."

मी तिला तेच तीनदा सांगायला लावलं. सपाट पोटाचं ते देणं होतं, हे कळत होतं. पण पाण्याच्या किती जोराला ते सुरू होतं, ते मला अजून कळलेलं नाही.

सरांनी आमच्या बाक काढलेल्या प्लायच्या पट्ट्या मागितल्या होत्या, त्या मी पाठवून दिल्या. त्यावरून त्यांनी त्यांच्याकडं आणखी फळ्या कापल्या. मागच्या महिन्यात त्यांनी एक व्हिडिओ पाठवला. कुठला किनारा ते ओळखू येत नाही. गुडघ्याएवढी लाट, तिच्यावर एक काळीसावळी पोरगी, दोन वेण्या घातलेली. ती वळते, पाणी उडतं, ती हसते आणि पडते. कोण आहे ती, मला माहीत नाही. मी तो व्हिडिओ हळू करून पाहिला, तिच्या मागच्या पायाकडं बघत. तिचा पाय भाचीपेक्षा थोडा पुढं पडत होता.

मालकांना दाखवलं. ते म्हणाले, "तिच्यासाठी रेघ पुढं घ्यावी लागेल."

"व्हय," मी म्हटलं, "दोन बोटं तरी."